दीपगृहाची गोष्ट

३ जानेवारी

आज पुन्हा टाळ्या. दीपगृहाच्या पायथ्याशी, धाकट्या जाऊबाईंना. मी मागच्या बसमधून माझी मंडळी उतरवत होते, तर माझ्या मंडळींनीही माना वळवून टाळ्या वाजवल्या! हिला गाईडच्या नोकरीला लावलं कोणी? मीच. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा.

आणि गोष्ट कुठली, तर माझी. दीपगृहाचा राखणदार तापाने पडला, त्याच्या बायकोने तीन रात्री दिवा हाताने फिरवला, एकही जहाज खडकावर आपटलं नाही. अशी बाई कधी झालीच नाही. एकोणीस वर्षांपूर्वी जिन्यापाशी दीड तास रांग अडली, उन्हाने लोक कावले, तेव्हा मी तिला जन्माला घातलं. मी सांगते तेव्हा लोक "अच्छा" म्हणतात आणि शहाळंवाल्याकडे बघतात. ही सांगते तेव्हा डोळे पुसतात.

७ जानेवारी

अभिप्रायाची वही चाळली. तिचं कौतुक पानोपानी. माझ्याबद्दल एकच ओळ — "गाईड वेळेच्या पक्क्या."

९ जानेवारी

नवी उघडी बस येतेय. दीपगृह, समुद्रातली गुहा, मत्स्यालय, सूर्यास्ताचा कडा — सगळं एका फेरीत. तिच्यावर एकच गाईड, कायमची. साहेब म्हणाले, "तुम्हा दोघींपैकीच कोणीतरी." साहेब नवे, चार महिन्यांचे. त्यांना माझी एकोणीस वर्षं आणि हिचे सात महिने सारखेच.

स्वयंपाकघरात ती म्हणाली, "ताई, तुम्हालाच मिळणार बघा." गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच. बोलता बोलता माझ्या बसलेल्या घशासाठी मिठाचं पाणी कोमट करत होती. रोज करते. मी रोज गुळण्या करते आणि जळते.

१० जानेवारी

नवरा म्हणतो, "दोघी घरच्याच, कुणालाही मिळो." त्याला काय जातंय सांगायला.

१४ जानेवारी

केलं. साहेबांना निनावी पत्र. दीपगृहावर सांगतात ती गोष्ट खोटी आहे, कुठल्याच दप्तरात नाही, लोकांची फसवणूक होते — असं. डाव्या हाताने लिहिलं. गेल्या वर्षी उजवा हात मोडला होता, तेव्हाची सवय कामी आली. तक्रारपेटीत टाकलं आणि मत्स्यालयात कासवासमोर जाऊन बसले. मेलं कासवही माझ्याकडेच बघत होतं.

१७ जानेवारी

अंगाशी आलं. साहेबांनी आम्हा दोघींना आणि ड्रायव्हरकाकांना समोर उभं केलं. "गोष्ट कोण सांगतं हे मी विचारत नाही. रचली कोणी, ते सांगा. ती बाई बसवरून खाली उतरेल." मंगळवारपर्यंत मुदत.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ड्रायव्हरकाकांना सगळं ठाऊक आहे, गोष्ट रचली त्या दिवशी रांगेत तेही होते. ते आपल्या चपलांकडे बघत राहिले.

१९ जानेवारी

जेवण जात नाही.

२१ जानेवारी

तिनेच सांगून टाकलं. "साहेब, मी रचली." तिची तडकाफडकी बदली, मत्स्यालयाच्या तिकीटखिडकीवर. उघडी बस मला.

मी तोंड उघडलं होतं. आवाज फुटला नाही. घसा बसलाय, असं नंतर स्वतःला सांगितलं.

आणि लाज सोडून लिहिते — घरी येताना मनात काय आलं? की आता गोष्टही तिचीच झाली. माझी बाई, माझा दिवा, सगळं साहेबांच्या कागदावर तिच्या नावाने.

२४ जानेवारी

उघड्या बसवर पहिला दिवस. गोष्ट सांगायला बंदी. दीपगृहाची उंची सांगितली, पायऱ्या सांगितल्या. लोकांनी फोटो काढले. वेळेत परत आणलं.

२५ जानेवारी

ड्रायव्हरकाका आज बोलले. ते पत्र साहेबांनी तिला आदल्या दिवशीच, सोमवारी दाखवलं होतं, अक्षर ओळखता का म्हणून. तिने बराच वेळ बघितलं, म्हणे, आणि "नाही" म्हणाली.

हात मोडला तेव्हा दोन महिने किराण्याच्या याद्या मी डाव्या हाताने लिहीत होते. सामान आणायला तीच जायची.

आज सकाळीही ओट्यावर मिठाचं पाणी झाकून ठेवलेलं होतं. तिच्या टाळ्यांचासुद्धा मला इतका हेवा वाटला नव्हता.