एकविसावा माणूस

२ फेब्रुवारी

समितीत आज पुन्हा तेच दळण. वीसपर्यंत कामगार असतील तर करात सवलत, एकविसावा घेतला की ती संपली. म्हणून कारखाने वाढत नाहीत, नवी यंत्रं घेत नाहीत — आणि आम्ही विचारतो, देशाची उत्पादकता का वाढत नाही! मी म्हटलं, सवलत आकारावर नको, प्रशिक्षणाला आणि यंत्रांना द्या. अध्यक्ष हसले. "बाई, फार घाई तुम्हाला."

आहेच घाई. बाबांच्या कारखान्यात वीस माणसं आहेत. एकविसावा माझा धाकटा भाऊ होता.

५ फेब्रुवारी

बाबांकडे गेले. खाली नळाच्या तोट्यांचा कारखाना, वर घर. धाकट्याच्या खोलीत आता माल ठेवतात. अकरा वर्षांपूर्वी बाबा त्याला म्हणाले होते, "नियमच तसा आहे रे, माझा नाइलाज आहे." तो परमुलखात गेला, गोदामात खोकी उचलायला. आई गेली तेव्हा आला, पाहुण्यासारखा दोन दिवस राहिला आणि परत गेला. फार वाईट वाटतं.

बाबांना सांगितलं, नियम बदलेल बहुतेक. वाटलं, खूश होतील. तर म्हणाले, "कशाला उगाच?" सवलत जाईल म्हणून घाबरले असणार.

९ मार्च

शिफारस मान्य! एक तारखेपासून मर्यादा रद्द. घरी येऊन रडले. आई हवी होती आज.

१० मार्च

धाकट्याला फोन केला. सगळं दोनदा समजावून सांगावं लागलं — त्याचं सगळंच सावकाश. मग म्हणाला, "ताई, म्हणजे आता बाबा मला घेऊ शकतात?"

१४ मार्च

नोकरी सोडून मोकळा झालाय! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. "बाबांना सांगू नकोस हं. एकदम दारात उभा राहतो."

२ एप्रिल

आला. बाबांनी त्याला पोटाशी धरलं. तो बॅग टाकून यंत्रं बघायला खाली पळाला, तसं बाबांनी दार लोटलं.

"पोरगा हळू आहे गं. कारखान्यात त्याचा निभाव लागायचा नाही. माणसं त्याला दिवसभर घालूनपाडून बोलणार, आणि मी ते बघायचं? नियम होता तोवर त्याला वाटायचं, सरकारने अडवलंय. आता काय सांगू त्याला?"

मी दार उघडलं. धाकटा जिन्यात उभा होता. चष्मा विसरला म्हणून परत आला होता.