भुवईने दिलेलं उत्तर

प्रिय लोसानाताई,

तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितोय. शाळेत मी टिकलो नाही, लिहायला तूच शिकवलंस, तेव्हा चुका तुझ्याच पदरात.

टोंगातल्या आपल्या अंगणात खोबरं खवता खवता तू इंग्रजीचे तुकडे फेकायचीस. 'बोट उशिरा आली तर' म्हणून थांबायचीस, उरलेलं मी जोडायचं. मी पळायला लागलो की म्हणायचीस, "माठ्या, उपवाक्य लटकत टाकून कुठे निघालास? टेकू दे त्याला." ऑस्ट्रेलियात लांब वाक्य बोलणाऱ्याला मान असतो, हेही तुझंच.

बाबांचा निरोप आला त्या सकाळी इथल्या मळ्यात द्राक्षांच्या रांगेतून चालत मी वाक्य जुळवलं: माझे वडील वारले असल्यामुळे, त्यांची माती होण्याआधी, मला घरी पोचायचं आहे. सगळे तुकडे जागच्या जागी. पण आमच्या टोळीच्या पौलियासीकाकांनी मुकादम ग्रेगच्या कानावर आधीच घातलं होतं. खोक्यांवर चिठ्ठ्या डकवत तो म्हणाला, "वाईट झालं. घरी जायचंय का तुला?" मी भुवया उचलल्या. आपल्याकडे एवढ्यात हो होतं, पाद्रीसुद्धा त्यापुढे विचारत नाही. शिवाय मोठ्यांपुढे जास्त बोलू नये, हे बाबांचंच वळण. ग्रेगने वर पाहिलंच नाही. "बरं, मग लाग कामाला," म्हणाला. मला वाटलं, तिकिटाचं तो बघतोय. पिशवी भरून हाकेची वाट पाहत राहिलो. शेवटी काकांनी ग्रेगला विचारलं, तर म्हणे, "तो गप्पच उभा होता. मला वाटलं, राहायचंय." तोवर तिकडे माती झाली होती.

रिवाजाप्रमाणे आत्याने तुझे केस कापले, सुतकाच्या फाटक्या चटया नेसून तुम्ही राबलात, आणि दुखवट्याच्या जेवणाच्या भट्टीच्या धुरात माझ्या जागी शेजारचा पोरगा बसला, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. तुझी एकच ओळ आली: 'द्राक्षं गोड लागताहेत ना?' नाही लागत, ताई. ग्रेग वाईट माणूस नाही, तेच जास्त झोंबतं. शिव्या घालायलाही कोणी उरलं नाही. ते वाक्य मात्र अजून तोंडात तसंच आहे, आणि आता ते कुणाच्याच कामाचं नाही.

मन मोकळं करायला हे लिहीत नाहीये. पुढच्या हंगामाला धाकट्या सेमिसीला इकडे पाठवताय असं कळलं. अंगणात त्याला तुकडे फेकायला तू सुरुवातही केलीस म्हणे. तो माझ्याहून मुखदुर्बळ. लांब वाक्यं राहू देत. रोज त्याच्याकडे पाठ करून काहीतरी विचार, आणि 'हो' कानावर पडेपर्यंत वळू नकोस. आई आहे अजून. तिच्या वेळी तरी कुणी पोचायला हवं.

तुझाच, न पोचलेला,
इसिलेली