कोंडीबाची जीप आणि जपानी रोबोट

गोरेगाव, ता. सेनगाव
९ नोव्हेंबर २०२५, सकाळ

प्रिय सुरज,

जय भीम. आमी सगळे बरे आहोत. मायचा गुडघा तसाच आहे, पण तोंड जोरात चालू आहे. बाबांच्या जीपला नवीन क्लच बसवला.

तिकडं नांदेडला तुझा फोन बंद. तुझ्या खोलीवरच्या भागवतच्या फोनवर तू बोलायला तयार न्हाई. म्हणून कागदावर लिहून राहिले, हसू नको.

मागच्या सुट्टीत आपण ओसरीवर बसून तुझं ते जपानी अ‍ॅनिमे पाहिलं, आठवतं? (कार्टून म्हटलं की तुला झोंबतं!) त्यातला रोबोट ‘मी कुठं आहे’ म्हणून स्वतःचा एकेक भाग काढून ठेवतो. हात, पाय, डोळे. शेवटी नुसता अंगणभर पसारा. मागं बाबा उभे होते. विहारात प्रवचन देणारा माणूस, जाम खूष झाला. “हेच तर अनात्म! शोधलं तर मी सापडतच न्हाई.”

तू म्हणाला, “व्हय बाबा. बराबर केलं त्यानं.”

लेकराला धम्म कळला, असं बाबांनी साऱ्या विहाराला सांगितलं. तुझं जेवण तुटलं, तर म्हणे तृष्णा गेली. बोलणं बंद झालं, तर म्हणे मौन. मी तुझ्या ताटाकडं पाहत होते.

आत्ता भागवतचा फोन आला. तू त्याला तुझा चित्रं काढायचा टॅब दिला, सायकल दिली, पांघरूणसुद्धा. बाबांचा चेहरा उजळला. “दान पारमिता,” म्हणाले.

मी ओरडले रे त्यांच्यावर. “काहून कळत न्हाई तुमाला? पोरगं जायची तयारी करून राहिलं!”

मायच्या हातातली भाकरी तशीच राहिली. बाबा तसेच उठले. जीपची किल्ली शोधायला लागले. भागवतला सांगितलंय, तुझ्याजवळून हलायचं न्हाई. त्याच्यावर चिडू नको.

मला भीती वाटून राहिली, सुरज. खूप.

आपल्या जीपचं इंजिन बदललं, पाटे बदलले, दारं बदलली, आता क्लच. सगळे भाग काढून मांडले तर त्यात जीप सापडणार न्हाई, मान्य. तरी सेनगावला माणसं विचारतात, “कोंडीबाची जीप आली का?” आणि ती येते. लोकं बसून घरी जातात. तुझा मी तुला सापडत न्हाई तर न सापडू दे. आमाला सुरज सापडतो. बुद्धानं मी सोडायला सांगितला तो दुःख कमी व्हावं म्हणून. घरातलं लेकरू कमी व्हावं म्हणून न्हाई.

बाबा हॉर्न वाजवून राहिले. नांदेडपर्यंत हे पत्र त्यांच्या खिशात असेल. आज त्यांना एक शब्द प्रवचन सुचत न्हाई. एवढंच विचारलं, “मी हाक मारली तर बोलेल ना तो?” मी व्हय म्हणून बसले.

तू हे वाचशील तेव्हा ते तुझ्यासमोर उभे असतील. हाक मारतील.

ओ दे.

तुझी,
सपनाताई