गजरातलं पाणी

लालबाग, रविवार संध्याकाळ

आज आबांचं वर्षश्राद्ध आटपलं. जेवणं झाल्यावर भाचीने टूम काढली, प्रत्येकाने आवडतं गाणं लावायचं आणि का आवडतं ते सांगायचं. आई म्हणाली, "माका ह्यांचो गजर लाव."

आबांच्या भजनाची जुनी कॅसेट मी गेल्याच महिन्यात मोबाइलवर उतरवून घेतली होती. लावला. आई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "पाणी खंय गेला?"

मला कळेचना. मग तिनेच सांगितलं. गाता गाता आबांनी मध्येच तिला पाणी आणायला हाक मारली होती, "शेवंता, पाणी हाड गो." अख्ख्या भजनी मंडळासमोर. एरवी जन्मभर नुसतं "अगो". "ह्यांनी माझा नाव घेतल्यानी ता एकदाच. म्हणान माका आवडता."

ते पाणी मीच कापलं. मधला व्यत्यय म्हणून! गाढव मी. वर आवाज किती स्वच्छ झाला म्हणून खूश. आणि कॅसेट? भंगारवाल्याला दिली. आईला म्हटलं, शोधतो. का म्हटलं?

तिने गजर परत लावायला सांगितला. ती जागा आली तशी स्वतःच हळूच म्हणाली, "शेवंता, पाणी हाड गो."