खरबूज हुंगूनच घेणार

ठमे,

मी खरबूज आणायला गेले आहे आणि एकटीच गेले आहे. तुझ्या त्या काचेच्या दारांच्या दुकानात नाही, चौकापलीकडच्या दुसऱ्या मोठ्या दुकानात. तेही काही स्वस्त नाही. पण तिथला फळवाला सुरीच्या टोकावर फोड धरून म्हणतो, "आधी चाखा, मग बोला." तिथे बायका फळं हुंगतात, दाबतात, त्याच्याशी हुज्जत घालतात आणि हसत घरी जातात.

तुझ्या आवडत्या दुकानात दिवे छान, गाणी मंद, फळाफळाला जाळीचा झगा. कुणाशी बोलावं लागू नये म्हणूनच लोक तिथे जातात. जाऊ देत बापडे. पण डोळे मिटून खरबूज घेणं मला या जन्मी जमणार नाही. रविवारी मी देठाशी नाक काय नेलं, चावाच घेतल्यासारखा तो मॅनेजर धावत आला!

तो ओरडला त्याचं मला काही नाही. तू त्याला म्हणालीस, "सॉरी हं, वयामुळे आईच्या लक्षात येत नाही." ठमे, माझ्या सगळं लक्षात येतं. त्या खरबुजाला वासच नव्हता. तरी तू तेच घेतलंस. फ्रिजमध्ये आहे, खाऊन बघ, काकडी बरी.

फोन मुद्दाम घरी ठेवलाय, शोधत येऊ नकोस. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

मॅनेजरची माफी मागून झाली तुझी. माझी राहिली आहे.

आई