पाच दिवसांची मुदत

४ मार्च, सकाळी ९
सात नंबरच्या पिंजऱ्यात उंदरीण व्याली. अकरा पिल्लं, पैकी सहा माद्या. पहिल्या पाच दिवसांत मादीला टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदू जन्मभरासाठी नराच्या वळणावर जातो. नंतर टोचून उपयोग नाही. तिघींना हार्मोन, तिघींना तुलनेसाठी नुसतं तेल. जूनमध्ये पेपर छापायला पाठवायचा. संकल्प: यंदा एकही चूक नाही.

दुपारी २
टोचून झालं. हार्मोनवाल्यांच्या पायावर मार्करने खूण केली. पिंजरे धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, शाई कातडीखाली टोचा, वरवरची टिकायची नाही. तीस वर्षं पिंजरे धुतले म्हणून शास्त्र येत नाही. मार्कर परमनंट आहे. तसं त्यावर छापलंय.

५ मार्च
या पिल्लांचं रडणं माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, फार वरच्या पट्टीतलं असतं. सिद्ध गोष्ट आहे. आज जेवताना ऐकू आलं. फ्रिज असणार. बायको म्हणाली, फ्रिज तीन दिवस बंद आहे, दूध नासलं तेव्हा सांगितलं होतं.

६ मार्च
झोप नाही. चहा जास्त होतोय.
गेल्या वर्षी हाच प्रयोग, हेच दिवस. आमची मुलगी दिवस भरायच्या दोन महिने आधी झाली, हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. बायकोचे निरोपावर निरोप, येऊन जा. मी कळवलं, पाचवा दिवस संपला की येतो, पिल्लांची मुदत पुढे ढकलता येत नाही. चौथ्या दिवशी ती गेली. माझं गणित चुकलं नव्हतं. पोरीलाच घाई होती, येण्याची आणि जाण्याचीही.
हे इथे कशाला लिहिलं? रोजनिशी कामापुरती ठेवायची. संकल्प.

७ मार्च
कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, वरच्या पट्टीतलं तुम्हाला उलट कमीच ऐकू येतं. प्रश्न मिटला.
त्यांच्या जिन्यात पुन्हा ऐकू आलं.

८ मार्च
एकाही पायावर खूण नाही. आईने चाटून चाटून अकराही पिल्लं गुलाबी करून ठेवलीत. मावशींनी मार्कर उचलून त्यावर काय छापलंय ते वाचलं.
विचार केला तर उत्तमच झालं. निष्पक्ष प्रयोगात कुणाला काय दिलं हे संशोधकाला माहीत नसावं लागतं. मला आता खरोखरच माहीत नाही.
विभागप्रमुख मॅडमना हे पटलं नाही. वर्ष वाया गेलं म्हणाल्या. मग विचारलं, वर्षभरात सुट्टी किती घेतलीस? एकही नाही, मी छाती काढून सांगितलं. त्यांनी उद्यापासून पंधरा दिवसांची लावली.

९ मार्च, दुपार
घरी. बायको धुतलेल्या चादरी दोरीवरून काढत होती. आवाज चालूच. फ्रिज कालच दुरुस्त झालाय, तो गप्प आहे.
बायकोला विचारलं, "डोळे कसे होते गं तिचे?"
कुणाचे, असं तिने विचारलं नाही.
"माहीत नाही," ती म्हणाली. "नर्स म्हणायची, हाक मारा, उघडेल. मी मारली नाही. म्हटलं, तू आलास की दोघं मिळून मारू."
मग तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. घडी मला नीट जमली नाही. तिने उलगडली आणि टोक पुन्हा माझ्याकडे दिलं.