दहा शिंगं आणि जास्तीचे दोन शेंगदाणे

आप्पा, तुमचा धाकटा लेक कुरकुंभच्या कंपनीतली पर्मनंट नोकरी सोडायला निघालाय. मोबाईलवरच्या कुणा प्रचारकानं सांगितलंय, प्रभूचं दुसरं येणं अगदी दारात आलंय, आता शिफ्टा कसल्या करता? सोमवारी राजीनामा देतो म्हणतो. दोन लेकरं आहेत त्याला. 'ताई, तुम्हीच समजवा ह्यांना,' म्हणून त्याची बायको फोनवर रडली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या विषयावर विचारावं असं दुसरं माणूस मला सुचत नाही.

रविवारी चर्चमधली उपासना संपली की शिरूरच्या आपल्या ओट्यावर तुमचं प्रकटीकरण, बायबलातलं शेवटचं पुस्तक, सुरू व्हायचं. ताटलीत दहा शेंगदाणे मांडायचे, ती त्यातल्या शेवटच्या काळातल्या श्वापदाची दहा शिंगं. एकेका शेंगदाण्याला युरोपातला एकेक देश. मग पेपरात आलं, त्यांच्यात आणखी दोन देश सामील झाले. तुम्ही बराच वेळ ताटलीकडं बघत बसलात आणि जास्तीचे दोन्ही देश तोंडात टाकलेत. मी पोट धरून हसले. 'हसती काय? शिंगं मोजाया चुकलो, म्हंजी जनावरच न्हाई असं हाय का?' म्हणून दटावलंत.

मला अजून कोडं आहे ते हेच. 'हे सगळं होईपर्यंत ही पिढी सरणार नाही,' असं प्रभू म्हणाला, ती 'ही पिढी' म्हणजे पहिल्या शिष्यांची, की चिन्हं बघणाऱ्यांची, की आपलीच? तुमचं मत दर दोन वर्षांनी बदलायचं, उत्साह मात्र तसूभरही कमी व्हायचा नाही. आणि सोमवारी डबा घेऊन शाळेत शिकवायला वेळेवर हजर! 'आप्पा, आजच आला तर?' असं मी एकदा विचारलं. 'येऊ दे की. पोरांची परीक्षा हाय, मी शाळंत सापडंल त्याला,' म्हणालात.

काल दौंडहून धाकट्याकडं गेले आणि त्याला हेच सांगितलं. तो म्हणाला, 'आप्पा तवा चुकलं, ताई. ह्या टायमाला न्हाई चुकायचं.' मग लढाया, भूकंप, एकेक वचन काढून दाखवत बसला. आणि समजवायला गेलेली मी, चहा गार होईपर्यंत ऐकत राहिले. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, 'खरंच का रे? कधी?' त्याची बायको माझ्याकडं बघतच राहिली.

उद्या पुन्हा जाणार आहे. राजीनामा देऊ देणार नाही, लेकरांसाठी भांडेन. पण हे त्याला सांगता येत नाही आणि हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकताही येत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. तारीख मलाही हवी आहे, आप्पा. त्या दिवशी मेलेले उठणार म्हणतात, आणि मला तुम्हाला बघायचंय.